आधी काय लागते?

रायपूरच्या एनआयटीत निम्म्या जागा 'होम स्टेट'च्या मुलांसाठी असतात. 'होम' म्हणजे घर, तेव्हा आपल्या पोराला काळजी नाही, असे म्हणून चौबे कॉलनीतला एखादा मराठी बाप निवांत बसला तर त्याची फसगत ठरलेली. मुलगा जन्मला रायपुरात, वाढला रायपुरात, आजोबांनी घर बांधले तेही रायपुरात. पण अकरावी-बारावीला त्याला मामाकडे नागपूरला ठेवले आणि बारावी तिथूनच पास झाली, तर प्रवेशाच्या हिशेबात त्याचे राज्य महाराष्ट्र. रायपूरच्या घरच्या जागा त्याला नाहीत; नागपूरच्या व्हीएनआयटीत मात्र तो घरचा. बारावी पहिल्यांदा जिथून उत्तीर्ण झाला ते त्याचे राज्य, असा नियम आहे. पुढच्या वर्षी रायपूरहून पुन्हा परीक्षा दिली तरी त्यात फरक पडत नाही.

हाच मुलगा वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी उभा राहिला की बारावीचे गाव मागे पडते आणि छत्तीसगडचे स्थानीय निवासी प्रमाणपत्र पुढे येते. तिथे जन्म कुठला, आईवडील सलग किती वर्षे इथे राहिले, याची चौकशी. आणि त्याला राखीव जागेसाठी अनुसूचित जाती-जमातीचा दाखला हवा असेल, तर त्याची बारावीही नको आणि वडिलांची पंधरा वर्षेही नकोत. १९५० साली तुमचे कुटुंब कुठे होते, ते सांगा. एकाच मुलाला एकाच उन्हाळ्यात तीन टेबलांवर तीन निरनिराळे 'आधी' विचारले जातात, आणि तिन्ही टेबलांवरचा कारकून एकच वाक्य म्हणतो: आधी ते आणा, मग बघू.

या 'आधी ते'ला मराठीत पूर्वअट म्हणतात. नुसती 'अट' का पुरत नाही? कारण अट मागाहूनचीही असते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थ्याकडून बंधपत्र लिहून घेतात, की शिक्षण संपल्यावर ठरावीक काळ सरकारी सेवा करीन. ही अट आहे, पण ती पूर्वअट नाही. आधी पदवी हातात पडते, मग ती अट अंगावर येते. बारावीला जीवशास्त्र असणे ही पूर्वअट. ती नसेल तर पुढचे काहीच घडत नाही.

रायपुरातले मराठी लोक घरात 'अट' म्हणतात आणि बाहेर 'शर्त'. शर्त हा शब्द अरबीतून आलेला. मराठीने त्याचे काय काय केले ते बघण्यासारखे आहे: तीच 'शर्थ' झाली आणि प्रयत्नांची पराकाष्ठा सांगू लागली, तीच 'शर्यत' होऊन बैलगाड्यांमागे धावली. मूळ अर्थाची शर्त मात्र 'अटी व शर्ती' या जोडगोळीत उरली. इस्लामी धर्मशास्त्रात या शब्दाला जी धार आहे ती आपल्याकडे बोथट झाली. तिथे नमाजाच्या बाबतीत दोन गोष्टी काटेकोर वेगळ्या ठेवल्या आहेत. वजू करणे, म्हणजे हात-तोंड-पाय धुणे, अंग झाकलेले असणे, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला असणे, वेळ झालेली असणे या 'शर्ती'. उभे राहणे, रुकू (वाकणे), सज्दा (माथा टेकणे) हे 'रुक्न', म्हणजे नमाजाचे अवयव. वजू मोडली तर नमाज होत नाही, पण म्हणून वजू हा नमाजाचा भाग ठरत नाही. ती नमाजाच्या बाहेर आणि आधी असते. पूर्वअटीची याहून नेमकी व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही: जिच्यावाचून काम होत नाही, पण जी स्वतः त्या कामाचा भाग नसते.

हा भेद किती खरा आहे ते बारावीच्या गुणांच्या अलीकडच्या इतिहासात दिसते. २०१३ ते २०१६ या काळात एनआयटीच्या प्रवेशासाठी जी गुणवत्ता यादी लागे, तिच्यात बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. म्हणजे बारावीला एकेक गुण जास्त मिळवल्याचा फायदा थेट क्रमांकात दिसे. बारावी रुक्न होती. २०१७ पासून ते वजन काढून टाकले आणि बारावी दारात आणून बसवली. किमान ७५ टक्के गुण, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव. अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के. एवढे झाले की ७६ टक्केवाला आणि ९६ टक्केवाला सारखेच. बारावी शर्त झाली. करोनाच्या तीन वर्षांत तीही बाजूला ठेवली गेली आणि २०२३ मध्ये परत आली. गुणपत्रिका तीच, गुणही तेच, पण त्यांचे व्याकरण बदलले. पालकांना हे पटकन उमजत नाही. ज्या घरांत मोठ्याने २०१५ मध्ये बारावीसाठी रात्री जागवल्या, त्या घरांत धाकट्याने बारावी 'फक्त पंचाहत्तरची' म्हणून सोडून दिलेली बघवत नाही.

स्पर्धा परीक्षांची पूर्वपरीक्षा ही याच जातीची. तिचे गुण अंतिम यादीत मोजत नाहीत. आत आल्यावर ते गुण कोणी विचारतही नाही.

आणि पूर्वअट पोकळही होऊ शकते. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट परीक्षेत २०२३ मध्ये पात्रतेचे पर्सेंटाइल शून्यावर आणले गेले. परीक्षेला बसला म्हणजे पात्र झाला. जागा रिकाम्या राहू नयेत हे कारण समजण्यासारखे आहे. पण पात्र ठरण्यासाठी परीक्षा द्यावीच लागणार आणि त्या परीक्षेत किती मिळाले याला मात्र अर्थ नाही, असा हा प्रकार. 'पात्रता' हा शब्द त्या वर्षी नुसत्या हजेरीला लावला गेला.

शब्दांचा गोंधळ रायपुरात जास्त होतो, कारण इथे हिंदी आणि मराठी एकाच लिपीत, एकाच घरात आणि बरेचदा एकाच वाक्यात नांदतात. हिंदी जाहिरातीत 'शैक्षणिक योग्यता' असते. मराठीत योग्यता ही माणसाची असते; 'त्याची तेवढी योग्यता नाही' हे वाक्य मराठी माणसाला लागते. मराठी जाहिरातीत म्हणून 'शैक्षणिक अर्हता' असते, आणि ती कोणाला लागत नाही, कारण अर्हता हा शब्द कार्यालयाबाहेर कोणी वापरत नाही. हिंदीतला पारिभाषिक शब्द 'पूर्वापेक्षा' तर मराठी डोळ्याला हमखास चकवतो. तो 'पूर्वीपेक्षा' असा वाचला जातो आणि वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो: पूर्वीपेक्षा काय? खरे तर मराठीचा तुलनेचा 'पेक्षा' हाही 'अपेक्षा'तूनच आलेला, म्हणजे नाते जवळचेच, तरी ओळख पटत नाही.

या दोन भाषांची कचेरीतली परिभाषा एकमेकींच्या शेजारी घडली, याची एक जागा नागपूर आणि एक रायपूर. रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल नागपुरात जुन्या मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री होते तेव्हा लाहोरहून नागपूरला आलेले डॉ. रघुवीर त्यांच्या सरकारच्या पाठबळाने संस्कृत धातूंपासून शासकीय आणि शैक्षणिक संज्ञा पाडत होते. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या परिभाषा कोशात अर्थशास्त्राच्या संज्ञांचे काम माधवराव सप्रे यांनी केले होते. घरी मराठी, लेखन हिंदी. शिक्षणाचा काही भाग रायपुरात, १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' मासिक, आणि १९२६ मध्ये मृत्यूही रायपुरातच. याच सप्र्यांनी 'दासबोध' हिंदीत नेला. त्याच्या पाचव्या दशकात गुरू कसा असावा, शिष्य कसा असावा, मुमुक्षू आणि साधक कोणाला म्हणावे, यांची एकामागून एक प्रकरणे आहेत. त्या सगळ्यांच्या शीर्षकात शब्द आहे 'लक्षण'. रामदासांनी शिष्याला अटी घातल्या नाहीत, लक्षणे सांगितली. लक्षण माणसाच्या अंगावर दिसते, त्याचा दाखला लागत नाही. हा फरक मला मोठा वाटतो.

जुन्या शास्त्रांत पूर्वअटीचा सगळा भार एका दोन अक्षरी शब्दावर टाकलेला सापडतो: 'अथ'. ब्रह्मसूत्रांचा हा पहिला शब्द. साधा अर्थ 'आता' किंवा 'यानंतर'. पण कशानंतर? इथून भाष्यकारांचे भांडण सुरू होते. शंकराचार्य म्हणतात, नित्य काय आणि अनित्य काय हे कळणे, वैराग्य, शम-दमादी सहा गुण आणि मुक्त होण्याची इच्छा, या चार गोष्टी झाल्यानंतर. यज्ञकर्माचे ज्ञान आधी असलेच पाहिजे असे नाही. रामानुज म्हणतात, असलेच पाहिजे; कर्माचा विचार करून त्याचे फळ तुटपुंजे आहे हे कळल्यानंतरच ब्रह्माचा विचार. रायपूरजवळच्या चंपारणला ज्यांचे जन्मस्थान मानतात त्या वल्लभाचार्यांनीही याच सूत्रांवर 'अणुभाष्य' लिहिले, आणि त्यांनाही या पहिल्या शब्दापाशी थांबावे लागले. ग्रंथाच्या दारात उभे राहून कोणाला आत घ्यायचे यावर शेकडो वर्षे वाद चालला. प्रवेशाचे नियम हा अभ्यासक्रमाइतकाच गंभीर विषय आहे, हे आपल्याकडे जुने आहे.

कायद्याने या 'आधी'ला आणखी एक पीळ दिला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. त्याच्या २६व्या कलमात दोन उदाहरणे आहेत. एकाने दुसऱ्याला पाच हजार रुपये देऊ केले, अट अशी की त्याने तिघांच्या संमतीने लग्न करावे. त्या तिघांतला एक मेला. उरलेल्या दोघांची संमती घेऊन लग्न झाले. कायदा म्हणतो, अट पुरी झाली, रुपये द्या. दुसऱ्या उदाहरणात तिघेही जिवंत आहेत, पण पठ्ठ्याने आधी लग्न केले आणि मग तिघांची संमती मिळवली. कायदा म्हणतो, अट मोडली. पहिल्यात एक संमती कमी पडूनही चालले, दुसऱ्यात तिन्ही मिळूनही चालले नाही. पूर्वअटीत 'काय' याला थोडी सवलत मिळते, 'केव्हा' याला नाही. फी भरायची मुदत टळून गेलेल्या कोणालाही हे कलम न वाचता ठाऊक असते.

राजकारणात हा शब्द येतो तेव्हा 'केव्हा' हेच भांडणाचे मूळ असते. २०२५ च्या वसंतात माओवाद्यांनी छत्तीसगड आणि आसपासच्या राज्यांतली कारवाई थांबवली तर बोलणी करू, असे पत्रक काढले. रायपूरहून राज्य सरकारने उत्तर दिले की चर्चेला तयार आहोत, पण कुठलीही अट न घालता. शस्त्रे ठेवून मुख्य प्रवाहात या. एकाने म्हणायचे आधी बंदुका थांबवा, दुसऱ्याने म्हणायचे आधी बंदुका ठेवा. आपली ती स्वाभाविक अपेक्षा आणि समोरच्याची ती पूर्वअट, असे दोन्ही बाजूंना वाटते. वाटाघाटींच्या बातम्यांत 'विनाअट' हा शब्द दिसला की तो कोणाच्या तोंडचा आहे ते आधी पाहावे.

आता १९५० कडे.

अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने १० ऑगस्ट १९५० रोजी आली, जमातींची ६ सप्टेंबर १९५० रोजी. त्या तारखांना अर्जदाराचे पूर्वज या राज्याच्या हद्दीत राहत होते, हे दाखवावे लागते. इतर मागास वर्गांसाठी छत्तीसगडात तारीख आहे २६ डिसेंबर १९८४, मध्य प्रदेशाकडून वारशाने आलेली. महाराष्ट्रात त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ धरतात आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. आतापर्यंतच्या सगळ्या पूर्वअटी अशा होत्या की माणूस काहीतरी करून त्या पुऱ्या करू शकतो. अभ्यास करून ७५ टक्के मिळवता येतात, पंधरा वर्षे राहूनही दाखवता येते. १९५० ची अट कोणालाही पुरी करता येत नाही. ती एकतर पुरी झालेली आहे किंवा नाही. आज हातात आहे ते फक्त तिचा पुरावा शोधणे. मराठीत दोन्हींना पूर्वअटच म्हणतात, आणि अर्जावर दोन्ही एकाखाली एक, एकाच आकाराच्या चौकोनात छापलेल्या असतात.

रायपूरच्या मराठी कुटुंबांसाठी यात एक जादा गाठ आहे. १९५० मध्ये नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे नाव त्याच वर्षी २६ जानेवारीला मध्य प्रदेश झाले; राजधानी नागपूर. नागपूरहून रायपूरला येणारा माणूस तेव्हा राज्य ओलांडत नव्हता, नुसती बंगाल-नागपूरची गाडी पकडत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झाले. माणूस जागचा हलला नाही तरी त्याच्या आजोबांच्या गावाचे राज्य दोनदा बदलले. दुसऱ्या राज्यातून आलेल्याला मूळ राज्यातली अनुसूचित ओळख सोबत आणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून सांगितले आहे. त्यामुळे कुटुंब १९५० मध्ये रायपूरच्या तात्यापाऱ्यात होते की भंडाऱ्यात, यावर नातवाचा दाखला ठरतो. आणि भंडारा आणि तात्यापारा त्या दिवशी एकाच सरकारच्या ताब्यात होते, ही गोष्ट त्याच्या कामी येईलच असे नाही. फुटलेल्या राज्यांबाबत न्यायालयाने २०२१ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात मार्ग काढला: बिहार आणि झारखंड, दोन्हींपैकी कुठल्याही एका राज्यात लाभ मागा, दोन्हीकडे एकदम नको. झारखंडही छत्तीसगडच्याच महिन्यात, नोव्हेंबर २००० मध्ये जन्मलेले.

पूर्वअट पुरी नव्हती हे फार उशिरा कळले तर? काम होऊन गेले, पदवी मिळाली, नोकरी लागली. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद या खटल्यात हा प्रश्न आला. हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत मोडतात का, असा मूळ मुद्दा होता. कोष्ट्यांचे पेठांतले हातमाग आणि हलबांचे बस्तर-कांकेरमधले गाव यांच्यातले अंतर नागपूर ते रायपूर या रेषेवरच पसरलेले आहे. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राष्ट्रपतींच्या यादीत जे शब्द आहेत त्यांच्या पलीकडे न्यायालयाला पाहता येणार नाही, आणि त्या शब्दांत हलबा-कोष्टी मोडत नाहीत. पण ज्याने त्या दाखल्यावर १९८०च्या दशकात एमबीबीएसला प्रवेश घेतला होता त्याची पदवी राहू दिली, पुढे मात्र त्या दाखल्यावर काही मागायचे नाही. पुढे अनेकांनी या निकालाचा आधार घेऊन आपापल्या नोकऱ्या वाचवल्या. २०१७ मध्ये बहिरा प्रकरणात न्यायालयाने ती वाट बंद केली: दाखला खोटा ठरला की त्यावर मिळालेले सगळे जाते, किती वर्षे लोटली याला महत्त्व नाही. पाच हजार रुपये आणि तिघांची संमती हेच सूत्र, फक्त आता पणाला अख्खी नोकरी.

रायपूरकरांना यासाठी नागपूरच्या खटल्यापर्यंत जायची गरज नव्हती. राज्याचे पहिले मुख्यमंत्री अजित जोगी यांच्या कंवर जमातीच्या दाखल्याचा वाद राज्यात वर्षानुवर्षे गाजलेला. जोगी इंजिनिअर, आज जिथे एनआयटी आहे त्या रायपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी काही काळ शिकवले, मग पोलीस सेवा, प्रशासकीय सेवा, रायपूरचे कलेक्टर. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या होत्या. मरवाही हा त्यांचा राखीव मतदारसंघ. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास उच्चाधिकार समितीकडे सोपवला. २०१७ आणि पुन्हा २०१९ मध्ये समित्यांचा निर्णय त्यांच्या विरोधात गेला, त्यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि मे २०२० मध्ये ते वारले. त्या वर्षीच्या मरवाही पोटनिवडणुकीत त्यांच्या मुलाचा उमेदवारी अर्ज दाखल्याच्याच कारणाने बाद झाला. लोक मुलाला मते द्यायला तयार होते का, हा प्रश्न तिथे उद्भवलाच नाही. पूर्वअट मतदानाच्या आधीची.

पुरावा म्हणून लोक जे शोधत हिंडतात त्याला रायपुरात 'मिसल' म्हणतात. (मराठी पाहुण्याला हा शब्द ऐकून भूक लागते. मिसल म्हणजे फाइल, कागदांची जुडी.) इंग्रजी अमदानीतल्या शेवटच्या जमीन बंदोबस्तात, १९२०च्या दशकाअखेरीस, गावोगावच्या ज्या नोंदी झाल्या त्या या मिसली. पानावर खातेदाराचे नाव, 'वल्द' म्हणून बापाचे नाव, मग जात, मग 'साकिन' म्हणून राहण्याचे ठिकाण, आणि पुढे खसरा क्रमांक, जमीन किती, सारा किती. शाईचा बोरू जिथे टेकला तिथे कागद पिवळा पडून फाटलेला. पटवाऱ्याने जमिनीचा सारा ठरवण्यासाठी लिहिलेले हे पान. त्यातला जातीचा रकाना तेव्हा कोणाच्या फारसा खिजगणतीत नव्हता. आज सगळ्या पानातले तेवढेच दोन शब्द मोलाचे. मिसल काढली, की तिच्यातल्या नावापासून अर्जदारापर्यंत वंशवृक्ष जोडायचा आणि मधल्या प्रत्येक पिढीचा कागद लावायचा. मिसल नसेल तर शाळेची दाखिल-खारिज पंजी, म्हणजे आपले जनरल रजिस्टर; तेही नसेल तर कोटवाराची जन्ममृत्यूची वही.

इथे या पूर्वअटीचे खरे रूप उघडे पडते. मिसलीत नाव असायला जमीन असावी लागे. दाखिल-खारिजमध्ये नाव असायला आजोबा शाळेत गेलेला असावा लागे. ज्याच्या आजोबाला जमीनही नव्हती आणि शाळेच्या पडवीत चढायलाही मिळाले नाही, त्याच्यासाठीच तर ही यादी १९५० मध्ये झाली. त्याच्याकडे कागद नाही, आणि कागद नाही याचे कारण नेमके तेच, ज्यासाठी तो दाखला मागतो आहे. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या चॉइस सेंटरवर बसलेल्या पोराला हे समजावून उपयोग नाही. त्याच्या पडद्यावर दस्तऐवज अपलोड केल्याशिवाय पुढचे बटण उमटत नाही.

कागद असूनही अडते ते मात्रेवर. यादी इंग्रजीत, नोंदी नागरीत आणि बोलणे छत्तीसगडीत. यादीत महार, मेहरा, मेहर होते. बस्तरकडच्या कागदांवर 'महरा' आणि 'माहरा' लिहिलेले. एका कान्याने पिढ्या अडकल्या. याला तिकडे 'मात्रात्मक त्रुटि' म्हणतात, जणू चूक लिहिणाऱ्याची. शेवटी २०२३ मध्ये संसदेने कायदा करून ही दोन रूपे यादीत घातली; त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने भुईंया, भुईयाँ, भुयां ही रूपे भारिया-भूमिया जमातीच्या नावापुढे आली. त्या दिवशी या लोकांच्या बाबतीत काहीही बदलले नाही. त्यांचे आजोबा १९५० मध्ये जे होते तेच राहिले. पूर्वअट दिल्लीत पुरी झाली.

कागदच नसणाऱ्यांसाठी राज्याने २०१३ च्या सामाजिक प्रास्थिती प्रमाणीकरणाच्या कायद्याखाली एक तजवीज केली: दस्तऐवज नसेल तर ग्रामसभेचा ठराव चालेल. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी उभे राहून सांगायचे की हे घर आम्ही ओळखतो, यांचा आजा अमक्या पाऱ्यात राहायचा, ते अमक्या जातीचे. लिहिलेल्या शब्दाच्या जागी बोललेला शब्द, आणि शंकराचार्यांच्या अटीपेक्षा रामदासांच्या लक्षणाच्या अधिक जवळचा. ही तरतूद मला या सगळ्या कारभारातली सर्वांत समंजस वाटते. अर्थात तिच्यासाठी गाव हवे आणि गावात ओळखणारे कोणी शिल्लक हवे. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक भागातल्या कारखान्यांत दोन पिढ्या राबलेल्या आणि रायपूरच्याच वस्तीत म्हातारे झालेल्या माणसाला आधी गावी जाऊन तिथल्या सरपंचाला गाठावे लागते, सभेची तारीख पडेपर्यंत थांबावे लागते. ठराव झाला की त्याची प्रत अर्जाला जोडून अनुविभागीय अधिकाऱ्याकडे. तिथला बाबू ती उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, सभेला गणपूर्ती होती का? मग आधी ते हजेरीपत्रक आणा.